मास्तर, पाच मिनिटं थांबा

तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण दीडशे मिलिलिटर मावतं. बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा सोपा आहे : मुलाचं वय घ्या, त्यात दोन मिळवा, आलेल्या आकड्याला तीसनं गुणा. मला तो आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितला, मुलीला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता तेव्हा. चिठ्ठी लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "हिला भरपूर पाणी पाजा आणि लागली की लगेच न्या, धरून ठेवायला लावू नका." मी मान डोलावली. पुढच्याच शनिवारी मला तिला आणि तिच्या सात वर्षांच्या भावाला घेऊन साताऱ्याहून सांगलीला माहेरी जायचं होतं. एसटीनं. नवरा शिरवळच्या कंपनीत, पाळी कधी बदलेल त्याचा नेम नाही, तेव्हा एकटीनंच.

सातारा ते सांगली हा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. नागठाणे, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका, आष्टा. सगळं सुरळीत असलं तर तीन तास. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात गाडी सेवारस्त्यावर घुसली, की मग देवावर हवाला. निघताना दोघांनाही घरी बसवून घेतलेलं असतं, तरी उंब्रज यायच्या आत धाकटी चुळबुळायला लागते. दीडशे मिलिलिटर म्हणजे किती, तर घरून निघताना लाडानं पाजलेला एक पेला दूध. ते सातारचं दूध कराडपर्यंत पोचत नाही.

"मास्तर, पोरीला लागलीय. पाच मिनिटं थांबा की."

"ताई, कराडला दहा मिनिटं थांबतीय गाडी. तवर दम काढा."

मास्तरांचं, म्हणजे कंडक्टरचंही, चुकत नाही. मागं साठ माणसं बसलेली, पुढं वेळेचा तगादा. आणि हायवेला मधेच गाडी थांबवून लहान पोरीला खाली उतरवायचं, हे मलाही नको असतं. दम मी काढू शकते. पोरीला दम काढायला सांगायचं कसं, हे मास्तरांना, मला किंवा आमच्या डॉक्टरीणबाईंना कुणालाच ठाऊक नाही.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं. पाचच्या आतलं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, हे आधीपासून होतंच. म्हणजे माझं अर्धं, मुलाचं अर्धं, धाकटीचं काही नाही. एका पूर्ण तिकिटात आम्ही तिघं माहेरी पोचतो. ही योजना मला मनापासून आवडते, राजकारण काय असेल ते असो. नवऱ्याची रजा, दिराची गाडी, शेजारच्यांची सोबत, कशाकशाची वाट बघावी लागत नाही. स्टँडवर बघा, कडेवर एक आणि बोटाला एक अशा कितीतरी एकट्या बायका दिसतात. सरकारनं आम्हाला घराबाहेर काढलं, गाडीत बसवलं, एवढं केलं. पुढं वाटेत पोराला लागली तर काय, हा प्रश्न ज्यानं कुणी तो निर्णय घेतला त्याला पडला नसावा. तो कधी पोराला घेऊन एकटा हिंडला नसणार.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आपल्याकडचं सार्वजनिक स्वच्छतागृह एका विशिष्ट माणसासाठी बांधलेलं असतं. तो माणूस मोठा असतो, एकटा असतो आणि रिकाम्या हातांचा असतो. बायकांच्या बाजूलासुद्धा तोच माणूस गृहीत धरलेला असतो, फक्त दारावरचं चित्र बदलतं.

वाटेतल्या एका स्थानकावरची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की ती एकाच गावची गोष्ट होते आणि बाकीची गावं सुटतात. दार ढकललं. कडी होती, पण ती जिच्यात अडकवायची ती कोयंडी चौकटीवरून गायब, म्हणजे दार लोटून एका पायानं दाबून धरायचं. पाठीवर सॅक, गळ्यात पर्स, हातात पोरीच्या बदलायच्या कपड्यांची पिशवी. दाराच्या मागं जिथं हुक हवा तिथं स्क्रूची भोकं. फरशी ओली, पाण्यानं की कशानं, याचा विचार करायचा नसतो. पिशवी दातात धरली, ओढणी कमरेला खोचली. पोरीची लेगिंग काढायची तर तिचा एक पाय माझ्या चपलेवर ठेवायचा, दुसरा उचलायचा, लेगिंगचं टोक फरशीला लागू द्यायचं नाही. आपलं देशी भांडं मोठ्या माणसाच्या पावलांच्या अंतरानं घडवलेलं असतं. तीन वर्षांच्या पोरीचे पाय तेवढे फाकतच नाहीत. म्हणून काखेत हात घालून तिला अधांतरी धरायचं. आणि अधांतरी धरलं की तिला होत नाही.

"आई, येत नाहीये."

बाहेर गाडीचा हॉर्न. आमचाच की दुसऱ्या गाडीचा, कळायला मार्ग नाही. मी तोंडातल्या पिशवीतूनच "श्शू, श्शू" करते आहे. अखेर झालं. नळाला पाणी होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मात्र पाणी घ्यायला काही नव्हतं, तेव्हा पिण्याच्या बाटलीवर भागवलं. आणि माझं? माझं राहिलं. ते सांगलीत आईच्या घरी पोचल्यावर. पोरीला कुठं उभी करायची आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे एका हातानं सांभाळत आपलं उरकणं ज्या बाईला जमतं तिला मी साष्टांग नमस्कार घालीन. मी आणि माझ्यासारख्या पुष्कळजणी दुसराच उपाय करतो. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. माझ्या पतसंस्थेतल्या मैत्रिणी तर कराडला मीटिंग असली की आदल्या रात्रीपासून चहा सोडतात. डॉक्टर काय म्हणतात ते सगळ्यांना पाठ आहे.

थोरल्याचं दुखणं वेगळं. गेल्या वर्षापर्यंत तो माझ्याबरोबर बायकांच्या बाजूला येत असे. आता बायका बघतात, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच येत नाही, दुसरीतल्या मुलाला अब्रू असते. मग तो पुरुषांच्या बाजूला एकटा आत, आणि मी धाकटीला कडेवर घेऊन दाराशी. त्या दाराशी उभ्या बाईकडे लोक कसं बघतात ते सोडा. माझा जीव आत असतो. म्हणून एक युक्ती काढली : आत गेलास की मोठ्यानं पाढा म्हणायचा, बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. आवाज येतोय तोवर पोर ठीक आहे. एकदा सहाचा पाढा सहा सातेपर्यंत आला आणि बंद पडला. मी हाक मारणार, तेवढ्यात एक आजोबा धोतर सावरत बाहेर आले. म्हणाले, "काळजी करू नगा. पोरगं सहा साते चव्वेचाळीस म्हणत हुतं, म्या दुरुस्त केलं." आत पाढा पुन्हा सुरू झाला होता. आजोबांचे आभार मानले. पण प्रत्येक वेळी आत असे आजोबाच भेटतील असं नाही, हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे.

किती वयापर्यंत मुलानं आईबरोबर बायकांच्या बाजूला जावं, यावर आपल्याकडं कुणी काही ठरवलेलं नाही. रांगेतल्या बायकांच्या भुवया ठरवतात. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांच्या बाबतीत सरकारनं या प्रश्नाचा विचार केला आणि २०२० मध्ये मार्गदर्शक वय दहावरून सातवर आणलं. सात बरोबर की चूक, यावर वाद होईल. पण हा प्रश्न आहे आणि तो सरकारी टेबलावर ठेवण्याजोगा आहे, एवढं तरी तिथं कुणाला तरी वाटलं. त्याच देशात बायकांच्या शौचालयात आतल्या भिंतीला बाळाला बसवून पट्टा बांधायची छोटी खुर्ची असते. आईचे दोन्ही हात मोकळे. आम्ही नुसत्या हुकावरही समाधान मानू.

हे सगळं बायकांचं रडगाणं समजून पुरुष वाचकांनी पान उलटायच्या आत माझ्या भावाचं ऐका. तो सांगलीत असतो, वहिनीला नोकरीतून सुट्टी मिळत नाही, म्हणून मुलीला मिरजेला दाताच्या डॉक्टरकडं तोच घेऊन जातो. मुलगी चार वर्षांची. एकदा वाटेत तिला लागली, तेव्हा तो तिला घेऊन एका सार्वजनिक स्वच्छतागृहापाशी गेला. पुरुषांच्या बाजूला उघड्यावर ओळीनं उभे पुरुष, त्यांच्यामधून मुलीला घेऊन जायचं त्याला धाडस होईना. बायकांच्या बाजूला हा कसा जाणार? मग काय केलं, तर तिथून जाणाऱ्या एका अनोळखी बाईला म्हणाला, "ताई, जरा हिला आत नेऊन आणाल का?" ताईंनी नेलं, आणलं, भलं होवो त्यांचं. पण याच मुलीला शाळेत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवतात; अनोळखी माणसाबरोबर कुठंही जायचं नाही असं घोकून घेतात. आणि बाप स्वतःच्या हातानं तिला अनोळखी बाईच्या हाती देतो, कारण बापलेकींसाठी त्या इमारतीत दारच नाही. बापांनी मुलं सांभाळावीत म्हणून आपण लेख लिहितो, व्याख्यानं देतो. अमेरिकेनं २०१६ मध्ये कायदा करून सरकारी इमारतींमधल्या पुरुषांच्या शौचालयांतही बाळाचे कपडे बदलायची फळी सक्तीची केली. आपल्याकडं एसटीनं तान्ह्या बाळांसाठी हिरकणी कक्ष काढले, ही चांगली गोष्ट. पण तीही आईपुरती, आणि पोर अंगावर पितंय तोवरच. दूध सुटलं की पोर व्यवस्थेच्या नजरेतून उतरतं, ते थेट अर्ध्या तिकिटाच्या वेळी पुन्हा दिसतं.

वर्तमानपत्रात या विषयावर लिहिणार म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. मग रात्री भाकरी थापताना त्याच बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं, त्यांच्या काळात हा प्रश्न नव्हता. का नव्हता? एक तर बाई पोरं घेऊन एकटी निघायचीच नाही. आत्या, नणंद, पुतण्या, कुणीतरी सोबत असायचं. आणि दुसरं म्हणजे घरं होती. साताऱ्यात राजवाड्यापाशी बाजाराला गेलं आणि पोराला लागली की चिमणपुऱ्यात एक ओळखीचा वाडा, यादोगोपाळ पेठेत दुसरा. दिंडी दरवाजा ढकलायचा, "काकू, जरा मागं जाऊन येते" म्हणायचं. काकू वर पाणीही द्यायच्या आणि सुनेची चौकशीही करायच्या. माझी आई सांगलीच्या गावभागातली, तिचंही हेच. म्हणजे त्या काळी बायकांसाठी शहरात स्वच्छतागृहं होती, ती ओळखीच्या घरांच्या परसात होती. नगरपालिकेच्या खर्चात ती कधी दिसली नाहीत, कारण ती काकू फुकटात चालवत होत्या.

अर्थात ती व्यवस्था सगळ्यांसाठी नव्हती. खेड्यातून बाजाराला आलेल्या, शहरात ओळख नसलेल्या बाईला, आणि जिच्या जातीला वाड्याच्या परसात प्रवेश नव्हता तिला, कुठली काकू? हे मी सासूबाईंना म्हटलं. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "त्या नदीला जायच्या." आता वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आलीत. दाराशी वॉचमन. त्याला काय सांगणार, कुणाकडं जायचंय?

मग उरतात हॉटेलं. गल्ल्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, की ही सोय गिऱ्हाइकांसाठी आहे. म्हणून आधी चहा मागवायचा. पोरांना काही नको म्हणता येत नाही, त्यांना सरबत. स्वच्छतागृहासाठी सरबत घ्यायचं आणि सरबतापायी पुढच्या स्टँडवर पुन्हा स्वच्छतागृह शोधायचं. पेट्रोल पंपावर स्वच्छ शौचालय फुकट असावं, असा तेल कंपन्यांचा त्यांच्या वितरकांना नियम आहे. स्वतःची गाडी असणाऱ्याला तो उपयोगी पडतो. एसटी पंपावर थांबत नाही.

आणि एक सोय अशी, की जी सगळीकडं आहे, फुकट आहे आणि रात्रंदिवस उघडी आहे. भिंत. मुलगा असेल तर कुणीही सांगेल, "पोराचं काय एवढं, उभं करा की भिंतीला." स्टँडवरच्या मावश्या सांगतात, दुकानदार सांगतात, माझा स्वतःचा भाऊ सांगतो. मी पोराला भिंतीला उभं करत नाही. यात मोठेपणा नाही. मला भीती वाटते की पोराला एकदा भिंत आपली आहे असं कळलं की ती आयुष्यभर आपली वाटते. मोठा झाल्यावर ज्या पुरुषाला भिंतीशी उभं असताना लाज वाटत नाही, त्याला तिसऱ्या वर्षी कुणीतरी कौतुकानं उभं केलेलं असतं. त्याच वयात त्याच्या बहिणीला मात्र "थांब, घरी गेल्यावर" हे शिकवलं जातं. एकाला जग मोकळं, दुसरीला दम काढायची सवय. शाळेत जायच्या आधी हा धडा दोघांचाही पक्का झालेला असतो.

आता आमच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांविषयी. स्वच्छतेत आम्ही मागासलेले असतो तर मी हा लेख लिहिलाच नसता. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू करणारे आर. आर. पाटील सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, अंजनीचे. त्यांच्या त्या अभियानामुळं गावागावांत लोकांनी हातात झाडू घेतला, शौचालयं बांधली. केंद्र सरकारचा निर्मलग्राम पुरस्कार त्याच्यानंतरचा. भल्या पहाटे हागणदारीत शिट्ट्या मारत फिरणारी गुड मॉर्निंग पथकंही आम्ही पाहिलीत. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली देशात पहिलं आलं कराड. २०२१ साली विटा. २०२२ साली पाचगणी. लागोपाठ तीन वर्षं देशातला पहिला नंबर याच दोन जिल्ह्यांत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गावानं मिळवलेला. कराडच्या रस्त्यावरून जाताना मला खरोखर अभिमान वाटतो. कचरा उचलणाऱ्यांनी, झाडणाऱ्यांनी तो नंबर घाम गाळून मिळवलाय.

म्हणूनच या दोन जिल्ह्यांकडून जास्त मागायचा हक्क आहे. इतके दिवस आपण मोजलं ते घरात संडास आहे का, रस्त्यावर कचरा आहे का, हे. ती लढाई बरीचशी जिंकली. आता मोजायचं ते घर आणि घर यांच्यामधलं अंतर. त्या अंतरात बाई आहे, पोर आहे, म्हातारे सासरे आहेत, साखरेचा आजार असलेला माणूस आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी मोहीम चालवली. त्यांचा पहिला सवाल साधा होता : पुरुषांची मुतारी फुकट, मग बाईला त्याच कामाचे पैसे का? पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' मासिकानं जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना सांगितलं, की रस्त्यांवर बायकांसाठी पुरेशी, स्वच्छ स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत. सन्मानानं जगण्याच्या घटनेतल्या हक्कातच ते येतं. सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका. सातारा नगरपालिका. पोरीचं मूत्राशय हा फरक जाणत नाही, तेव्हा साताऱ्यानं 'आम्हाला सांगितलं नव्हतं' असं म्हणू नये.

पैसे नाहीत, जागा नाही, हे नेहमीचं उत्तर. लोणंदला आणि फलटणला वारीत जाऊन बघा. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते तेव्हा लाखो माणसं येतात. निर्मल वारीच्या निमित्तानं मुक्कामाच्या गावांत फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहतात, पाण्याचे टँकर येतात, स्वयंसेवक वारकऱ्यांना शिट्ट्या वाजवून तिकडं वळवतात. पालखी पुढं गेली की रांगाही पुढं. चार दिवसांसाठी जे जमतं ते बाराही महिने एका स्टँडपुरतं जमवायला वारीएवढी भक्ती लागू नये. पुण्यात भंगारात निघालेल्या बसगाड्यांची बायकांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहं केली होती. सुरुवातीला कौतुक झालं, पुढं सगळ्याच काही धड चालल्या नाहीत. म्हणजे गाडी मिळते, रंग मिळतो, उद्‌घाटनाला माणसंही मिळतात. रोज धुणारं माणूस आणि त्याचा पगार, तिथं घोडं अडतं.

त्या माणसाविषयी थोडं सांगायला हवं. सगळ्यात चांगलं स्वच्छतागृह मला जिथं भेटलं तिथं फरशा काही विशेष नव्हत्या. एक मावशी होत्या. टेबलावर सुट्ट्या पैशांचा स्टीलचा डबा, शेजारी फिनेलची बाटली, मांडीवर कुणाचं तरी तान्हं बाळ. मी विचारलं, "नातू का?" त्या म्हणाल्या, "न्हाय वं, ती आत गेलीय तिचंय." ती बाई बाहेर आली, बाळ घेतलं, मग मावशींनी न सांगता माझ्या पोरीचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "जावा तुमी निवांत. ही हितंच हाय." मला आत मोकळे दोन हात मिळाले. प्रवासात ते पहिल्यांदाच. थोरला तोवर पलीकडं पाढा म्हणत होता, तर मावशी त्यांच्या सहकाऱ्याला ओरडल्या, "आरं, त्या पोराकडं ध्यान दे." त्यांच्या कामाच्या करारात यातलं एकही काम लिहिलेलं नसणार. ठेका झाडण्या-पुसण्याचा आणि पैसे गोळा करण्याचा. पोरं सांभाळणं हे त्या पूर्वीच्या काकूंसारखं, पदरचं. ठेकेदार बदलला तर मावशी जातील, आणि नव्या माणसाला ते सुचेलच असं नाही.

म्हणून माझी मागणी इमारतीच्या आधी त्या माणसासाठी आहे. मोठ्या स्टँडवर दिवसभर, दोन पाळ्यांत, एक बाई आणि एक पुरुष. कामाच्या यादीत 'लहान मुलांना मदत' असं स्वच्छ लिहिलेलं, आणि त्याचे पैसे धरलेले. इमारतीत एकच खोली जास्तीची हवी, जिचं दार बायकांच्या किंवा पुरुषांच्या बाजूतून न जाता थेट बाहेरून उघडेल, म्हणजे आई मुलाला आणि बाप मुलीला घेऊन उजळ माथ्यानं आत जाईल. अपंगांसाठी जी खोली बांधतात तिची थोडी रुंदी वाढवली तरी पुष्कळ काम भागेल. सध्या ती खोली कुलपात असते आणि किल्ली 'साहेबांकडं'. आत एक छोटं भांडं, पोराच्या उंचीवर नळ, पिशवी ठेवायला कोरडा कट्टा, लागणारी कडी. हुक तर आजच लावता येतो, त्याला निविदा लागत नाही. मी हे एका नगरसेवकांना म्हटलं, तर ते म्हणाले, "वहिनी, हुक लोक चोरून नेतात." नेत असतील. बाजारातले बल्बही लोक चोरतात, म्हणून आपण गाव अंधारात ठेवत नाही.

मास्तरांच्या पाच मिनिटांचंही काहीतरी करायला हवं. तीन तासांच्या गाडीला मधे एक नक्की थांबा असावा, तो फलकावर लिहिलेला असावा, आणि स्वच्छतागृहाची रांग बघून चालकानं निघावं. आज मधला थांबा मोजला जातो तो चहा आणि वडापाव या हिशेबानं. पुरुषाचं त्या वेळात चहा, वडा, तंबाखू आणि भिंत, सगळं उरकतं. बाईची रांग तोवर दारापर्यंत आलेली असते, आणि तिच्या कडेवरचं पोर रडून रडून झोपलेलं. बाईला वेळ जास्त लागतो यात तिचा आळस नाही. तिला कपडे सोडावे लागतात, पोराचे सोडावे लागतात, आणि दार पायानं धरावं लागतं.

या वर्षी सर्वेक्षणाचं पथक येईल तेव्हा ते रिकाम्या हातांनी, सकाळी धुतलेल्या फरशीवरून, टिपणवही घेऊन फिरेल. माझी विनंती आहे की त्यातल्या एका परीक्षकानं पाठीवर सॅक, गळ्यात पर्स आणि कडेवर तीन वर्षांचं पोर घेऊन, बाहेर हॉर्न वाजत असताना आत जाऊन यावं आणि मग गुण द्यावेत. पोर मिळत नसेल तर माझी मुलगी नेऊ द्या, माझी हरकत नाही. फक्त निघायच्या आधी मी तिला पोवई नाक्यावर एक मोठा ग्लास उसाचा रस पाजणार.